रिकाम्या सीटांची ब्लँकेटं

दहा तास परक्या माणसाच्या अंगावर राहिलेल्या ब्लँकेटाचा वास धुतल्यावर ब्लँकेटातून जातो, पण हातातून जात नाही. मी कामावरून आले की हाताला लिंबाची साल चोळायचे. तरी भाकरी थापायला बसले की तो वास पिठातून वर यायचा. घाम, डोक्याचं तेल, सांडलेली कॉफी, बाळाचं दूध, ओकारी. कोणी च्युइंगम लोकरीत चिकटवून ठेवलेला असायचा. कोणी पायाची नखं कापून तुकडे त्यातच गुंडाळून दिलेले असायचे. एवढं महागडं तिकीट काढणारी माणसं नखं घरी का कापत नाहीत, असं मला रोज वाटायचं. पण विचारणार कोणाला?

तरी त्या घाणीची सवय झाली. ज्याची अजून शिसारी येते ते वेगळं आहे. तेच इथे लिहून ठेवते.

आमची शेड उरणच्या रस्त्याला होती. विमानतळ झाला तेव्हा आमचं गाव उठलं आणि आम्हाला इकडे प्लॉट मिळाले. ज्यांची जमीन गेली त्यांना कामं देणार, असं सांगितलं होतं. कामं मिळाली ती मोठ्या लोकांना. आमच्यातल्याच एकाला विमान कंपनीची ब्लँकेटं धुण्याचं कंत्राट मिळालं. त्याला सगळे शेठ म्हणायचे, म्हणून आम्हीही शेठ म्हणायचो. त्याने शेडमध्ये चार मोठी मशीन बसवली आणि आम्हा आठ बायकांना ठेवलं. त्यात मी आणि माझी थोरली जाऊ. जाऊबाईंना मी बाय म्हणते. भाऊजी गेल्यापासून बाय आमच्याच घरात राहते, पण तिची चूल वेगळी. कोणाच्या हाताकडे बघून जेवणार नाही, असं ती तेराव्यालाच बोलली होती. तिची चूल त्या शेडवर पेटायची.

माझं कारण वेगळं होतं. त्याआधी मी कामोठ्यात चार घरची धुणीभांडी करायचे. दर घरी बेल वाजवायची, दार उघडेपर्यंत उभं राहायचं, उशीर का झाला ते सांगायचं. मला बोलायचं म्हटलं की घशात काटा अडकल्यासारखं होतं. शेडमध्ये मशीनच्या आवाजात कोणी कोणाशी बोलू शकत नव्हतं. मला तिथे स्वर्ग होता.

पण शेड एकाच विमानावर चालली होती. जवळच्या विमानांत ब्लँकेट देत नाहीत. गल्फची विमानं भरून जायची. आमच्यातल्या एकीचा नवरा तिकडेच होता. ती सांगायची की दोन वर्षांनी येणारा माणूस झोपतो कुठे, सामान मोजत बसतो. ब्लँकेट असायचं ते फक्त दहा तास उडणाऱ्या विमानात. ते थंडीच्या मुलखातल्या एका मोठ्या शहराला आठवड्यातून तीनदा जायचं आणि यायचं. नवीन विमानतळावरून एवढ्या लांब जाणारं आमच्या कंपनीचं ते एकच. ते चाललं तर शेड चालणार. शेड चालली तर बायची चूल, आणि माझी बेलपासून सुटका.

विमान सकाळी उतरायचं आणि अकराच्या सुमाराला टेम्पो पोती घेऊन यायचा. दर सीटवर प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेलं एक निळं ब्लँकेट ठेवलेलं असतं, माणूस बसो वा न बसो. पुढच्या भागात, जिथे सीटचा पलंग होतो, तिथे पांढरी जाड रजई. सगळंच खाली उतरवून आमच्याकडे यायचं. उघडलेलं ब्लँकेट धुवायचं. न उघडलेलं नुसतं बघायचं, पिशवी फाटलेली नाही ना, आणि परत पाठवायचं. वहीत दोन रकाने होते, वापरलेली आणि बंद. वही माझ्याकडे होती, कारण आठ जणींत चौथीपर्यंत शाळेत गेलेली मी एकटी.

त्यामुळे विमान किती रिकामं आलं हे सगळ्यात आधी मला कळायचं. सुरुवातीला बंद ब्लँकेटं थोडी असायची. सण गेला, शाळांच्या सुट्ट्या संपल्या, आणि बंद पोती वाढत गेली. पांढऱ्या रजया तर जवळजवळ सगळ्याच जशाच्या तशा परत यायच्या. मी आकडे लिहायचे आणि गप्प बसायचे. बाय वहीत डोकावून विचारायची, आज किती. मी बोटांनी दाखवायचे. तिचं तोंड उतरायचं.

मग एक दिवस टेम्पोवाला बोलला की विमान तोट्यात आहे, बंद करणार असं तिकडे सगळे बोलतात. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायने डबा उघडलाच नाही. बंद पोत्यांकडे बघत बसली. मग उठली, एक पिशवी दातांनी फाडली आणि ब्लँकेट बाहेर काढलं.

बोलली, "वापरलेली कमी दिसतात म्हनून बंद करनार ना? मग वापरलेली दाखवू. आपल्याच हातात हाय की."

आम्हाला ते पटलं. आज लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा पटलं. आमच्याकडे माणूस जेवला की नाही ते ताट बघून ठरवतात. ताट उष्टं दिसलं म्हणजे जेवला. विमानही कोणीतरी तसंच ठरवत असेल, आमच्या वहीत बघून, असं आम्हाला वाटलं. तिकिटं कोणी मोजत असेल हे आठ जणींत एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पण नुसती पिशवी फाडून भागत नव्हतं. विमानतळावरचा माणूस धुण्याआधी ढिगावर एक नजर टाकून जायचा. ब्लँकेट वापरलेलं दिसायला हवं होतं. म्हणून आम्ही ती वापरायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत आठही जणी गोणपाटावर ओळीने बसायच्या आणि प्रत्येकीने अंगाभोवती चार-चार ब्लँकेटं गुंडाळायची. मार्चचा महिना होता, वर पत्रा तापलेला. घामाच्या धारा लागायच्या, त्याच हव्या होत्या. बाय ब्लँकेटालाच हात पुसायची, सुक्या जवळ्याच्या कालवणाचा. नेरे गावाहून येणारी एक जण डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बोलायची, "मी खिडकीतच बसनार, मला मळमळतं." गल्फवाली बोलायची, "अगं, सीटचा पट्टा बांध, तुझ्या सासूचं घर येतंय खाली." बायका हसून लोळायच्या. मीही हसायचे. स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी नवी ब्लँकेटं आम्ही आमच्या घामाने खराब करायचो आणि मग त्याच हातांनी धुवायचो. पाण्याला साबण, मशीनला वीज, आणि सगळं कशासाठी, तर न बसलेल्या माणसाचा वास उडवायला.

पांढऱ्या रजयांना मात्र कोणी हात लावला नाही. त्या इतक्या स्वच्छ होत्या की बाय बोलली, राहू दे, पाप लागेल.

एका दुपारी आम्ही अशा गुंडाळून बसलेल्या असताना शेठ दारात आला. सगळ्या जणी दगडासारख्या झाल्या. त्याने ओळीने आम्हाला बघितलं, फाडलेल्या पिशव्यांचा ढीग बघितला. शेडचं दार हळूच ओढून घेतलं आणि गेला. संध्याकाळी त्याच्या माणसाने सगळ्यांसाठी जिलेबी आणली. शेठने सांगितलं म्हणाला, की विमान चांगलं भरतंय, असंच चालू द्या. शेठला कंपनी धुतलेल्या नगावर पैसे द्यायची, हे मला नंतर कळलं. बायने जिलेबी खाल्ली आणि बोलली, बघ, आपलाच मानूस हाय म्हनून सांभालून घेतो. माझ्या तोंडात ती जिलेबी फिरत राहिली. गिळताना मला त्या च्युइंगमची आठवण झाली.

आता पेन्सिलीचं सांगायला हवं. वहीत मी पेनाने खोटा आकडा लिहायचे. पण पानाच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, पेन्सिलीने खरा आकडाही लिहायचे. माझे वडील मिठागरावर होते. मुकादम किती टोपल्या लिहितो ते त्यांना वाचता यायचं नाही, म्हणून झोपडीच्या कुडावर ते कोळशाने रेघा मारायचे. त्या रेघा कधी कोणाला दाखवल्या नाहीत. नुसत्या मारायचे. खरं कुठेतरी असू दे, म्हणायचे. माझा हातही तसाच चालला. बायला मी सांगितलं नव्हतं.

महिना-सव्वा महिना असा गेला. मग एका सकाळी विमान कंपनीची एक मॅडम आली. पंचविशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. शेठ तिच्यामागे खुर्ची घेऊन फिरत होता. तिने मशीन बंद करायला सांगितली. शेडमध्ये इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. तिने वही मागितली, हातातल्या कागदाशी पानं लावून बघितली आणि शेठला विचारलं की विमानातून एकशे वीस माणसं उतरली त्या दिवशी दोनशे ब्लँकेटं मळली कशी.

शेठने कपाळाला हात लावला. बायका लिहितात, मी कुठे बघतो, म्हणाला. आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हाला आजच पहिल्यांदा बघत होता.

मॅडमने पान उलटं-सुलटं केलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. पेन्सिलीने एकशे बत्तीस लिहिलेलं होतं. तिने विचारलं, हे कोणी लिहिलंय.

मी खाली बघत राहिले. बाजूने बाय बोलली, "मीच लिवते. वही माझीच."

मॅडमने शांतपणे पेन पुढे केला. म्हणाली, "मग आजची तारीख लिहा."

बायने पेन घेतला. मुठीत धरला, जसा विळा धरतात तसा. कागदावर टेकवला आणि तिथेच थांबली. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मी बोलले, "माझं हाय ते. दोन्ही आकडे माझेच."

एवढंच बोलले. मला वाटलं होतं की बोलल्यावर काहीतरी हलकं वाटेल. काही वाटलं नाही.

मॅडमने विचारलं की असं का केलं. शेवटी बायच बोलली की विमान भरलेलं दिसावं म्हणून. मॅडमला हसू आलं. वाईट हसली असं म्हणणार नाही, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसं हसली. मग तिने समजावून सांगितलं. मागच्या सीटा भरल्या तरी इतक्या लांबचं विमान परवडत नाही. इंधन, भाडं, परक्या विमानतळाचा खर्च, हे सगळं पुढचे वीस-पंचवीस जण काढून देतात, जे रजई घेऊन झोपतात. ते लोक मुंबईत राहतात आणि सवयीने जुन्याच विमानतळावर जातात. इथपर्यंत यायला त्यांना लांब पडतं. ते आले नाहीत. ब्लँकेटावरून विमान कोणी चालवत नाही, म्हणाली. आणि बंद करायचं तर तीन महिन्यांपूर्वीच ठरलंय.

तीन महिने. आम्ही पहिली पिशवी फाडली त्याच्याही आधी ठरलेलं. मी भिंतीकडे बघितलं. पांढऱ्या रजयांची थप्पी तिथे होती, एकही न उघडलेली. खोटं करायला बसलो तेही आम्ही चुकीच्या ढिगाचं केलं होतं.

मग शेठने जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त शिसारी आहे. त्याने मॅडमपुढे दोन्ही हात जोडले. म्हणाला, "अडाणी बायका आहेत, मॅडम. गावच्या आहेत. यांच्या वतीने मी माफी मागतो." आमच्या वतीने. आणि मग आवाज बदलून माझ्याकडे बोट केलं, हिला उद्यापासून बंद. लिहिणारी हीच आहे. दार ओढून घेणाऱ्याचं नाव कुठे आलं नाही. मी सांगू शकले असते. जिलेबीचं, दाराचं, सगळं. सात बायका बाजूला उभ्या होत्या आणि त्यांना उद्या परत यायचं होतं. मी पदर खोचला, माझा डबा उचलला. बाहेर आले तेव्हा माझ्या मागे मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

बाय संध्याकाळी आली. मला वाटलं, ती माझ्याजवळ बसेल. तिने पाय धुतले, स्टोव्ह पेटवला, भात टाकला. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलली, "पेन्सिलीनं कशाला लिवलंस गो? तुला मी एवढी परकी होते?"

वडिलांच्या रेघांचं तिला कसं सांगणार? तिने माझ्यासाठी स्वतःला पुढे केलं होतं आणि मी तिच्यापासून कोपरा लपवला होता. तिच्या जागी मी असते तर मलाही माझा वीट आला असता. त्यानंतर आम्ही एकाच घरात कामापुरतं बोलत राहिलो.

विमान पुढच्या महिन्यात बंद झालं. शेठचं काही बंद झालं नाही. त्याने हॉटेलांच्या चादरी धरल्या आणि सात जणींना ठेवून घेतलं. त्या चादरींचा वास ब्लँकेटांपेक्षा वाईट आहे. बाय घरी आली की मला कळतो. ती लिंबाची साल मागत नाही, मी मोरीत ठेवून देते. सकाळी ती वापरलेली असते.

मी परत कामोठ्याला जायला लागले. परत बेल, परत दार. नवीन धरलेल्या एका घरात, आठव्या मजल्यावर, मुलगी-जावई परदेशात आहेत. पहिल्याच आठवड्यात तिथल्या वहिनींनी सोफ्यावरून एक निळं ब्लँकेट उचलून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "हे हाताने धुवा हं मावशी, मशीनला नको. विमानातलं आहे."

मला बघायची गरज नव्हती. बोटांनीच ओळखलं. कडेची दुहेरी शिवण, कोपऱ्यातली छोटी पट्टी. पट्टीला निळ्या धाग्याचा टाका होता, आमच्या गल्फवालीने घातलेला. उसवलेल्या पट्ट्या तीच शिवायची.

वहिनी बोलत राहिल्या. मुलीकडून येताना त्या याच विमानाने आल्या होत्या, इथेच उतरलो, घरी पंधरा मिनिटांत, किती सोय होती म्हणाल्या. आणि गर्दी अजिबात नाही. अख्खी रांग रिकामी मिळाली. चार सीटांवर आडव्या होऊन झोपल्या. थंडी फार, म्हणून चारही सीटांवरची ब्लँकेटं उघडून घेतली, दोन खाली, दोन वर. उतरताना एक पिशवीत घातलं, आठवण म्हणून. सगळेच घेतात म्हणाल्या.

"बंद केलं म्हणे आता," त्या बोलल्या. "वाईट झालं. असं रिकामं विमान परत मिळणार नाही."

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं. नळ सोडला आणि ब्लँकेट बादलीत दाबलं. एका बाईची चार ब्लँकेटं, त्यातलं एक घरी. माझ्या वहीत त्या दिवशी तिच्या एकटीची तीन आली असणार, पेन्सिलीच्या आकड्यातही. अशा किती जणी चार सीटांवर झोपल्या असतील. ज्या आकड्यासाठी मी बायला परकं केलं, तो कोपऱ्यातला खरा आकडाही खरा नव्हता. विमान मी समजत होते त्याहून रिकामं येत होतं. पाणी काळं निघालं. त्यात बिस्किटाचा चुरा आणि पांढरे केस होते. मी ते तीनदा धुतलं, पिळलं आणि गॅलरीत वाळत घातलं. हात नाकाशी नेले. तोच वास.

संध्याकाळी बाय आली. मी भात टाकला होता, दोघींचा, तिला न विचारता. ती स्टोव्हजवळ उभी राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. एवढं मी तिच्याशी कधी एका दमात बोलले नव्हते. चार सीटा, दोन खाली, दोन वर, पिशवीतलं एक, गल्फवालीचा टाका.

बायने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घेतलंस का त्या बाईकडून?"

मी विचारलं, काय.

"ब्लँकेट. आपलं हाय ते. चोरलेलं हाय."

मी बोलले की मी ते धुऊन तिच्या दोरीवर घातलं.

बायने पातेल्यावरचं झाकण काढलं. "तुझ्या तोंडातून आवाज निघतो तो नको तिथेच," बोलली. मग ताटली घेऊन तिने पातेल्यातला भात वाढून घेतला, मला न विचारता, आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली. तिच्या हाताला हॉटेलच्या चादरींचा वास येत होता, माझ्या हाताला ब्लँकेटाचा. दोघींनी त्याच हातांनी भात कालवला.